अकरा आणि बारा नंबरची फ्रेम

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी डॉ. विश्राम आठल्ये यांनी तो फोटो टेबलावर ठेवला. दिवस रविवार, तारीख १० मार्च २०१३. टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो. फोटो ठेवून डॉक्टर खुर्चीत मागे रेलले आणि गप्प झाले. गप्प बसणं हा तिथला नियमच होता.

मी तो फोटो त्याआधी कधी पाहिला नव्हता. तरीही तो कुठे काढला, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुणी, हे मला बघताक्षणी कळलं. तो डॉक्टरांनी काढलेला नव्हता.

आमच्या कोंडेपुरात तेव्हा जुन्या कॅमेरेवाल्यांचं एक मंडळ होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी डॉक्टरांच्या दाताच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, हे लोक जमायचे. जग मोबाइलवर फोटो काढू लागलं होतं, म्हणून यांना रोलचं प्रेम आलं होतं. सगळे रोलवर काढायचे तेव्हा यांच्यापैकी एकानेही लग्नाबारशापलीकडे कॅमेरा हातात धरलेला नव्हता.

डॉक्टरांकडे काचेच्या कपाटात अकरा कॅमेरे होते. प्रत्येकाला वेगळं पुसायचं फडकं. वर्षाला त्यांचे दोन रोल व्हायचे, त्यातला एक स्वतःच्या गच्चीवरच्या गुलाबांवर. गुळाचे व्यापारी किरीटभाई मेहता यांनी एक जर्मन कॅमेरा मिळवला होता. त्यात भिंगातून बघायचं नसतं, शेजारच्या छोट्या खिडकीतून बघायचं असतं. त्यामुळे भिंगावरचं झाकण न काढताच त्यांनी एकदा छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले. तो कोरा रोलही त्यांनी मंडळापुढे ठेवला आणि त्यावर पाऊण तास चर्चा झाली. अॅडव्होकेट निंबाळकर तर फोटोकडे बघायचेच नाहीत. ते ग्रेनकडे बघायचे. फोटोतले बारीक दाणे नाकाशी धरून असे हुंगायचे की जणू तांदूळ घेताहेत.

चौथ्या रेहाना मुजावर. नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. आजोबांचा खोक्यासारखा कॅमेरा वापरायच्या, कारण दुसरा नव्हता. फोटो बघायला सांगितलं की फोटोच बघणाऱ्या तेवढ्या एकट्याच.

पाचवा मी, दिगंबर देशमाने, 'दैनिक नदीकाठ'चा तालुका वार्ताहर. माझ्याकडे कॅमेरा नव्हता आणि त्यातलं काही कळतही नव्हतं. मला घेतलं होतं ते मंडळाच्या बातम्या छापून याव्यात म्हणून. मी जात होतो ते त्यांना हसायला. घरी येऊन बायकोला निंबाळकरांची नक्कल करून दाखवायचो. तिला ती आवडायची.

मंडळाचे नियम तीन. एका वेळी एकच फोटो. फोटोबरोबर त्याची निगेटिव्हची पट्टी आणलीच पाहिजे, म्हणजे कुणी संगणकावर लबाडी केली नाही हे कळतं. ती पट्टी दातांचे एक्सरे बघायच्या उजेडाच्या पेटीवर लावायची. आणि तिसरा, ज्याचा त्यांना फार अभिमान होता: ज्याचा फोटो त्याने तोंड उघडायचं नाही. इतर सगळे बोलून झाले की मगच त्याने सांगायचं, कुठला, कधीचा, कशावर काढला.

त्या रविवारी आणखी एक गोष्ट होती. एप्रिलमध्ये नगरवाचनालयाच्या हॉलमध्ये मंडळाचं पहिलं प्रदर्शन होतं. मुख्य फोटो त्या दिवशी ठरायचा होता आणि त्याखालचा मजकूर मी लिहायचा होता.

फोटो असा. गल्लीत गुडघाभर पुराचं पाणी. एका घराच्या पायरीवर एक बाई उभी. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला. एक हात दाराच्या चौकटीवर, दुसरा वर केलेला, पण आता खाली यायला लागलेला. तिच्यामागे दाराचा काळोख. उजवीकडे लाकडाच्या वखारीची पाटी. आणि तिची नजर. त्या नजरेत भीती नव्हती, विनंतीही नव्हती. ती काही क्षणांपूर्वी असावी. फोटो निघाला तेव्हा संपलेली होती. एखाद्या माणसाची किंमत करून झाल्यावर बघतात तशी ती बघत होती.

"व्वा!" निंबाळकर फोटो नाकाशी नेत म्हणाले. "काय ग्रेन आहे हो! चारशेचा रोल, पण धुताना जास्त ओढलाय. पैजेवर सांगतो."

"काळ्यात काळा बघा," किरीटभाई म्हणाले. "दरवाजा बघा ना. एकदम मखमल. आपल्याला असा काळा कधी मिळालाच नाही."

"तुम्हाला मिळाला होता की किरीटभाई. छत्तीस वेळा."

किरीटभाई सगळ्यांत मोठ्याने हसले. "वकीलसाहेब, तुम्ही मरेपर्यंत ते सोडणार नाही."

"पण थोडं धुकं आहे," निंबाळकर पुढे म्हणाले. "कडेला बघा. मुद्दाम आणलंय, की रोल जुना होता? मला विचाराल तर त्या धुक्यामुळंच बाईला एक काव्य आलंय."

निंबाळकर त्याच गल्लीच्या टोकाला जन्मले. ती वखार १९९८ साली रस्ता रुंद करताना पाडली, तेव्हा वखारवाल्याचं वकीलपत्र त्यांच्याकडेच होतं. त्यांनी पाटीवरून दोनदा बोट फिरवलं आणि पाटीची कड किती धारदार आली आहे ते आम्हाला समजावून सांगितलं.

"मॅडम, तुमचं काय?" किरीटभाईंनी विचारलं.

रेहाना मुजावर फोटोकडे बघत होत्या. "ही बाई कॅमेऱ्याकडे बघत नाहीये," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. इकडं, डावीकडं. तिथं कोणीतरी आहे. तिला त्याचा राग आलाय. नाही, राग नाही." त्यांनी शब्द शोधला आणि सोडून दिला. "फोटो काढणाऱ्याशी तिचं काही भांडण नाही. बाजूच्याशी आहे."

"ही कम्पोझिशन असते मॅडम," निंबाळकर म्हणाले. "नजर चौकटीबाहेर गेली की फोटो मोठा होतो."

मॅडम उठल्या, उजेडाच्या पेटीपाशी गेल्या आणि पट्टीला भिंग लावलं. सहा फ्रेमची पट्टी होती. अकरा नंबरवर ही बाई. तेरा आणि चौदा कोऱ्या.

"बारा नंबरला एक माणूस आहे," त्या म्हणाल्या. "हातात वही. घड्याळ बघतोय."

"मॅडम, टेबलावर अकरा आहे," निंबाळकर म्हणाले. "आपण शेजारच्या घरात डोकावत नाही."

पुन्हा हशा झाला. डॉक्टर हसले नाहीत. रेहाना मुजावर भिंग लावून उभ्याच राहिल्या. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा भिंगात पाहिलं आणि येऊन जागेवर बसल्या.

"आता देशमानेसाहेब," किरीटभाई म्हणाले. "तुम्ही तर पुराचे एक्स्पर्ट. रोज फूट-इंच छापता. बोला."

मी म्हणालो, "मला काही बोलायचं नाही."

"असं कसं? प्रत्येकाने बोलायचं असतं."

"काही नाही."

निंबाळकरांनी टेबलावर थाप मारली. "मिलॉर्ड, नियम काय आहे? जो गप्प बसतो तो मालक. आज दोन जण गप्प आहेत. फोटो डॉक्टरांचा, का देशमान्यांचा? का भागीदारीत?"

किरीटभाईंना ठसका लागला. डॉक्टरांचे कान लाल झाले होते. ते मला चाळीस वर्षं ओळखत होते आणि माझी एक दाढ त्यांनी काढलेली होती, पण असे घाबरून त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"माझा आहे," ते म्हणाले. "निकॉन एफएम-टू. दोन हजार पाचचा पूर. जुना रोल होता घरात."

दोन हजार पाचच्या पुरात त्या गल्लीत अकरा फूट पाणी होतं. मीच छापलं होतं. त्या वखारीच्या जागेवर तेव्हा सात वर्षांपासून डांबरी रस्ता होता. मी एवढी दोन वाक्यं बोललो असतो तर डॉक्टर तिथेच उघडे पडले असते. मंडळात पाच जण बसले होते, कोंडेपुरात जन्म काढलेले चार, आणि माझ्याशिवाय त्यातल्या एकालाही हे सुचलं नाही. एरवी मी घरी जाऊन हे तिखटमीठ लावून सांगितलं असतं.

मुख्य फोटो तोच ठरला. सगळ्यांचे हात वर गेले. रेहाना मुजावर यांनीही केला. मीही केला.

चहा आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "देशमाने, जरा आत या."

आतल्या खोलीत ते पूर्वी एक्सरे धुवायचे, आता फोटो धुवायचे. लाल दिवा, दोरीवर चिमटे, औषधाचा आंबट वास. त्यांनी दार लावलं.

"तुम्हाला कळलंय," ते म्हणाले.

"हो."

"कसं?"

"फोटो तांबटचा आहे."

ते स्टुलावर बसले. वासुदेव तांबट हा 'नदीकाठ'चा फोटोग्राफर, माझ्याबरोबरचा. २०११ च्या डिसेंबरात तो गेला. त्याच्या बायकोने, सुशीलावहिनींनी, त्याचा कॅमेरा डॉक्टरांना देऊन टाकला होता. डॉक्टर सांगत होते ते मी ऐकत होतो: कॅमेरा घरी आणल्यावर कळलं की आत अर्धा रोल आहे. दोन महिने हिंमत झाली नाही. मग धुतला. अकरा नंबरची फ्रेम दिसली आणि त्याच रात्री त्यांनी तिचा प्रिंट केला.

"आयुष्यात एक असा फोटो निघावा, एवढंच वाटायचं हो मला," ते म्हणाले. "गुलाब काढून कंटाळलो. म्हटलं, एकदा टेबलावर ठेवून बघू. हे लोक काय बोलतात ते ऐकू. मग सांगू."

"मग सांगितलं का नाहीत?"

"निंबाळकर बोलायला लागले आणि..." ते थांबले. "बरं वाटलं."

मला त्यांची कीव आली नाही. अकरा कॅमेऱ्यांच्या मालकाने मेलेल्या माणसाच्या कॅमेऱ्यातला रोल चोरावा आणि गुळाच्या व्यापाऱ्याच्या शाबासकीवर फुगावं, याहून हलकं काय असतं? मी तसंच काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं.

"बारा नंबरचाही प्रिंट केलाय मी," ते म्हणाले. "तुमच्यासाठी. वाढदिवसाला देणार होतो. हे तुम्हीच ना?"

फोटोत मी होतो. चौतीस वर्षांचा, दाट काळ्या केसांचा. एका हातात वही, दुसऱ्या हाताचं मनगट डोळ्यांजवळ. मनगटावरचं घड्याळ स्वच्छ दिसत होतं. सव्वातीन.

"रुबाबदार दिसता हं," डॉक्टर म्हणाले. "पुराच्या पाण्यात वार्ताहर घड्याळ बघतोय! चुकलं माझं, देशमाने. आपण असं करू. प्रदर्शनात तांबटांचं नाव लावू. मी सगळ्यांना आत्ता, बाहेर जाऊन सांगतो, रोल त्यांचा आहे म्हणून. हसतील, हसू देत. आणि तुम्ही तिथं होताच की. खरी हकिकत तुमच्याएवढी कोण लिहिणार? हे दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावू. अकरा आणि बारा."

ते मनापासून बोलत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

आता हकिकत.

२ ऑगस्ट १९९४, मंगळवार. नदी सकाळपासून चढत होती. 'नदीकाठ'ने सदू भोयाची काहील आणवली होती. गूळ करायची मोठी लोखंडी काहील पुरात आमच्याकडे होडीसारखी चालवतात. चार माणसं बसतात. आम्ही तिघं होतो. सदू, तांबट आणि मी. बातमी आणि रोल एका लिफाफ्यात घालून साडेचारच्या एसटीने जिल्ह्याला पाठवायचा असे. कंडक्टरच्या हातात दिला की उद्याच्या अंकात. चुकला की परवा.

वखारीच्या गल्लीत ती बाई पायरीवर उभी होती.

"सायेब, म्हातारी आत हाय. माळ्यावर. पाय मोडलाय तिचा. तेवढी न्या. मी ऱ्हाते मागं."

मी वही काढली. "नाव काय तुमचं?"

"रत्ना."

"पूर्ण सांगा."

"रत्नाबाई शंकर कुंभार. सायेब, म्हातारी..."

"वय?"

"एकतीस."

"म्हातारीचं नाव? वय?"

तिने त्याचं उत्तर दिलं नाही. हात वर केला, थांबा म्हणाल्यासारखा.

"दिगंबर, उतरू या," तांबट म्हणाला. "मी खांद्याकडून धरतो, तू पायाकडून धर."

"चौथं माणूस बसतंय की काहिलीत," सदू म्हणाला. "म्हातारी काय मोठी असंल?"

मी घड्याळ पाहिलं. माळ्यावरून म्हातारी उतरवायची, काहिलीत घालायची, वेशीपर्यंत वल्हवायचं, तिथून स्टँड. अर्धा तास जास्त जाणार होता. पाणी गुडघ्याएवढंच होतं. मी म्हणालो, "मागून दुसरी काहील येतेय. त्यांना सांगतो मी. चल सदू."

दुसरी काहील नव्हती. सदूला ते माहीत होतं, तांबटला माहीत होतं. पण काहील पेपरने आणवलेली आणि पेपरचा माणूस मी. सदूने वल्हं टेकवलं. माझ्या शेजारून एकदा कॅमेऱ्याचा आवाज आला. मी पुन्हा घड्याळ बघत होतो तेवढ्यात दुसरा आवाज आला. वळून बघितलं तर तांबटने कॅमेरा माझ्याकडे केला होता. तोही उतरला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

मला एसटी मिळाली. स्टँडवर पोचल्यावर मी कुणालाही काही सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. सांगितलं असतं तर आपण का नाही आणली, असं कुणीतरी विचारलं असतं.

पाचनंतर पाणी झपाट्याने वाढलं. रत्नाबाई शेजारच्या कौलांवर चढल्या. म्हातारी दुसऱ्या दिवशी दुपारी वखारीतल्या ओंडक्यांखाली सापडली. त्या दिवशी मी पाठवलेल्या बातमीचा मथळा मला आजही पाठ आहे. 'मदत पोचूनही वृद्धेचा घर सोडण्यास नकार'. संपादकांनी तो बदलला नाही. चांगला मथळा होता.

तांबटने लिफाफ्यात रोल घातला नव्हता. रोल भिजला, असं त्याने कार्यालयाला कळवलं. त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या पुराचा एकही फोटो न पाठवणारा फोटोग्राफर कुणाला हवा? त्याला काढून टाकलं. मला विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की त्याचं कामात लक्ष नसतं. पुढे सतरा वर्षं त्याने कोर्टासमोर पासपोर्ट फोटोचं दुकान चालवलं. मी रोज त्या रस्त्याने जायचो. मी दिसलो की तो आत वळून पडदा सारखा करायचा. दुकानात वेगळा कॅमेरा होता. तो जुना त्याने घरी ठेवला होता, बारा नंबरवर थांबवून.

एवढं सगळं मी डॉक्टरांना सांगितलं नाही. लाल दिव्याखाली ते माझ्या होकाराची वाट बघत होते.

"नको," मी म्हणालो.

"काय नको?"

"तांबटचं नाव नको. त्याने हयातीत हा फोटो छापला नाही. त्याची इच्छा नव्हती. तुमचंच नाव राहू द्या."

"पण ही लबाडी झाली."

"लबाडी कसली? कॅमेरा तुमचा. रोल तुम्ही धुतला. प्रिंट तुमचा."

"वहिनींना तरी विचारतो."

"त्यांना कशाला त्रास? नवऱ्याची जखम पुन्हा उघडी करायची?"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांना वाटलं, मी त्यांच्यावर मेहेरबानी करतोय. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही मोठे आहात, देशमाने," ते म्हणाले.

बारा नंबरचा प्रिंट मी खिशात घातला. निगेटिव्हची पट्टी मागितली. ती त्यांनी दिली नाही. "नियम आहे," ते म्हणाले, "पट्टी फोटोबरोबर राहते."

बाहेर चहाचे कप उचलणं चाललं होतं. निंबाळकर आणि किरीटभाई एका कॅमेऱ्याचं बटण आळीपाळीने दाबून आवाज ऐकत होते. रेहाना मुजावर जिन्यापाशी चपला घालत होत्या.

"सर," त्या हळूच म्हणाल्या. "निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात."

"हो का?"

"म्हणून ओळखलं. आता आहेत तसेच." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "ती तुमच्याकडं बघतेय ना?"

मी म्हणालो, "मॅडम, मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी त्या दिवशी दुसऱ्यांदा पाहिली. त्या खाली उतरून गेल्या आणि पुन्हा मंडळात आल्या नाहीत.

फोटोखालचा मजकूर मी त्याच दुपारी लिहून दिला. 'महापूर, २००५. पाण्यातही ताठ उभी असलेली कृष्णाकाठची माउली. छायाचित्र: डॉ. विश्राम आठल्ये.' साल लिहिताना मी अडखळलो नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी जाणूनबुजून चूक छापली अशी ती दुसरी वेळ.

प्रदर्शनाला सुशीलावहिनी आल्या. त्यांना कुणी बोलावलं, मला माहीत नाही. फोटोसमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. डॉक्टर खांबाआड गेले. मी पुढे झालो, चहा घ्या म्हणालो.

"नको, भावजी." त्यांनी खालचा मजकूर पुन्हा एकदा वाचला. "छान लिहिलंय. हे म्हणायचे, दिगंबर नेहमीच छान लिहितो."

आणि त्या गेल्या.

मंडळ दोन वर्षांनी बंद पडलं. किरीटभाईंनी कॅमेरा भाच्याला दिला. निंबाळकर गेले. मी निवृत्त झालो. डॉक्टर अजून आठवड्यातून चार दिवस दवाखाना उघडतात. तो फोटो पेशंटच्या खोलीत, माशांच्या पेटीवर, मोठा करून लावलेला आहे. खाली मजकूर माझा.

गेल्या सोमवारी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. सकाळी एक बाई दात दुखतो म्हणून आल्या होत्या, म्हणाले. साठीच्या असतील. नंबर येईपर्यंत फोटोकडे बघत बसल्या. मग काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हा फोटो कुणी काढला? मुलगी म्हणाली, आमच्या डॉक्टरांनीच. तर त्या हसल्या.

"हसल्या?"

"हो. म्हणाल्या, 'हे न्हवं. त्यो बारका, टकल्या होता.' तांबटच की हो! मी तर हादरलो. मग आत येऊन मला म्हणाल्या, 'डाक्टर, त्याच्यासंगं दुसरा एक होता. लिवून घेनारा. त्यो कुटं असतो?'"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हटलं, आमचे मित्रच आहेत ते. फार सज्जन माणूस. खुश झाल्या हो. नाव विचारून घेतलं तुमचं, दोनदा म्हणून बघितलं. वय पण विचारलं."

"त्यांचं नाव काय?"

"थांबा, कार्डावर आहे." कागद चाळल्याचा आवाज आला. "रत्नाबाई शंकर कुंभार. अक्कलदाढ आहे, काढावी लागेल. गुरुवारी अकराची वेळ दिलीय. म्हणाल्या, त्या साहेबांनाबी बोलवा, भेट हुईल. याल ना?"

मी बघतो म्हणालो.

आज बुधवार आहे.